अर्जच झाला नाही, मग नकार कुठला?

आमच्या भागात रेशनच्या दुकानाला आजही ‘कंट्रोल’ म्हणतात. आमचं गाव घाटाखालचं, जळगाव जामोदच्या बाजूचं, जिथून सातपुडा रोज दिसतो. मागच्या दिवाळीत घरी गेलो तेव्हा आजी म्हणाली, कंट्रोलवर चल माझ्यासोबत, तू कम्प्युटरवाला आहेस, ती मशीन तुझं तरी ऐकेल.

दुकानदाराने आजीचा अंगठा मशीनवर ठेवला. जुळला नाही. दुसरा अंगठा. नाही. तर्जनी पुसून ठेवली, मग थोडं तेल लावून ठेवली. नाही. आजीने बोट डोळ्यांजवळ नेलं, उलटसुलट करून पाहिलं आणि मला विचारलं, “हे बोट माह्यंच हाय ना रे बाबू?”

लाइनीतले सगळे हसले. मीही हसलो.

दुकानदार म्हणाला, “सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.” सर्व्हर डाऊन नव्हता. आजीच्या आधीच्या माणसाचा थम लागला होता, नंतरच्याचाही लागला. पण ‘सर्व्हर डाऊन’ हे आता सगळ्या नकारांचं एकच नाव झालंय. मी दुकानदाराला म्हटलं, थम लागला नाही म्हणून धान्य दिलं नाही, असं लिहून द्या. तो माझ्याकडे बघतच राहिला. त्याचा राग नव्हता, त्याला खरंच कळत नव्हतं मी काय मागतोय. “पावती धान्य दिल्यावर निघते,” तो म्हणाला. “नाही दिलं त्याची पावती कशी निघंन?”

त्या वाक्यावर मी गेले कित्येक महिने अडकलोय. नाही दिलं त्याची पावती नसते. आजी पायी गेली, उभी राहिली, बोटं दाखवली, रिकामी पिशवी घेऊन परत आली, आणि हे घडलं असं दाखवणारा एक चिठोराही तिच्या हातात नव्हता. माझं म्हणणं एवढंच आहे की डिजिटल कारभाराने आपल्याकडून सगळ्यात मोठी गोष्ट काढून घेतली असेल तर ती प्रायव्हसी नव्हे. प्रायव्हसी हा शब्दही आमच्या गावात कुणी वापरत नाही. आपल्याकडून काढून घेतला गेला तो नकार. तोंडावर मिळणारा, कारण लिहिलेला, खाली सही असलेला नकार. लोकशाहीत भांडायला माणसाला तेवढं तरी हातात लागतं.

आधी माझा गुन्हा

मी पुण्यात सॉफ्टवेअर लिहितो. अमरावती विद्यापीठाची इंजिनिअरिंगची डिग्री, मग हिंजवडी, नेहमीची गोष्ट. पहिल्या नोकरीत माझ्याकडे एका फॉर्मचं काम होतं. लोकांनी भरलेलं नाव आणि त्यांच्या कागदपत्रावरचं नाव जुळतं का हे तपासायचं. दोन नावं किती सारखी आहेत याचा शंभरपैकी एक आकडा निघतो. किती आकड्याच्या वर ‘जुळलं’ म्हणायचं, हे कुणीतरी ठरवायला हवं होतं. मीटिंगमध्ये विचारलं, कुणी काही बोललं नाही. मी ८५ टाकलं. टेस्टिंगला आमच्याच टीमची नावं वापरली होती. सगळी जुळली.

पुढे दीड-दोन वर्षांनी मावशीचा एक अर्ज अडकला. एका कागदावर तिच्या नावापुढे ‘बाई’ होतं, दुसऱ्यावर नव्हतं. तो फॉर्म मी लिहिलेला नव्हता, पण ज्याने लिहिला त्यानेही माझ्यासारखाच कुठलातरी आकडा टाकला असणार. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. सुमन आणि सुमनबाई, तुळसा आणि तुळशीराम, शे. आणि शेख, मराठीतलं नाव इंग्रजीत लिहिताना झालेले तीन प्रकार. वऱ्हाडातल्या निम्म्या घरांत प्रत्येक कागदावर नाव वेगळं असतं आणि गावात कुणाचंच त्यावाचून अडत नाही. मी टाकलेल्या त्या ८५ मुळे किती जणींचे अर्ज पडले असतील, हे मला कधीच कळणार नाही. कारण पडलेल्या अर्जांची यादी आम्ही ठेवलीच नव्हती. मागितली नव्हती कुणी.

विचार करा. गावात कुणाचं नाव यादीत घ्यायचं आणि कुणाचं नाही, हा निर्णय पूर्वी ग्रामसभेत भांडून व्हायचा, तलाठ्याकडे अर्ज करून व्हायचा, कधी पैसे चारून व्हायचा. आता तो निर्णय पंचविशीतल्या एका पोराने एसीत बसून, चहा यायच्या आत घेतला. त्याला कुणी निवडून दिलं नव्हतं. त्याचं नाव कुठल्याच आदेशावर नाही. तो पोरगा मी.

नागपुरातही कायदा शिकलेली एक बाई

उषा रामनाथन हे नाव तुमच्या फीडमध्ये बहुधा आलं नसेल. त्या कायद्याच्या स्वतंत्र संशोधक आहेत. मद्रास, नागपूर आणि दिल्ली अशा तीन विद्यापीठांत त्या कायदा शिकल्या. भोपाळची वायुदुर्घटना, धरणांनी आणि खाणींनी उठवलेली गावं, भीक मागण्याला गुन्हा ठरवणारे कायदे, असे त्यांचे विषय. आदिवासींच्या स्थितीचा अभ्यास करायला प्रा. व्हर्जिनियस खाखा यांच्या अध्यक्षतेखाली केंद्राने २०१३ मध्ये समिती नेमली. तिच्यात गडचिरोलीचे डॉ. अभय बंग होते, तशा उषा रामनाथनही होत्या. म्हणजे कायदा गरिबाच्या अंगावर कसा पडतो, हे बघण्यात त्यांची उमर गेली.

आणि २००९ मध्ये आधारचं प्राधिकरण निघालं तेव्हा बाकीचे टाळ्या वाजवत असताना त्यांनी एक कंटाळवाणं काम सुरू केलं. वाचायला लागल्या. टेंडरं, करार, समित्यांचे अहवाल, प्राधिकरणाची स्वतःची कागदपत्रं. आपण ‘आय ॲग्री’ दाबतो तेव्हा जे वाचत नाही, ते सगळं.

त्यांनी काय दाखवलं ते समजून घेण्यासाठी तारखा एका रांगेत लावू. जानेवारी २००९ मध्ये प्राधिकरण स्थापन झालं, संसदेच्या कायद्याने नव्हे, सरकारी अधिसूचनेने. २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच राज्यातल्या नंदुरबार जिल्ह्यात, टेंभली गावात, पंतप्रधानांच्या उपस्थितीत रंजना सोनवणे यांना देशातला पहिला आधार क्रमांक मिळाला. डिसेंबर २०११ मध्ये यशवंत सिन्हा यांच्या अध्यक्षतेखालच्या संसदीय स्थायी समितीने यासंबंधीचं विधेयक नाकारलं. अंगमेहनत करणाऱ्यांच्या बोटांच्या ठशांचं काय, हा प्रश्न तेव्हाच त्या समितीसमोर होता. २३ सप्टेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश दिला की आधार नाही म्हणून कुणाची अडवणूक होऊ नये. आणि कायदा कधी आला? मार्च २०१६ मध्ये, तोही ‘धन विधेयक’ म्हणून, म्हणजे राज्यसभेला तो अडवता येणार नाही अशा वाटेने. तोवर जवळपास १०० कोटी क्रमांक वाटून झाले होते.

आधी सगळ्यांना रांगेत उभं करायचं, मग रांगेचा कायदा करायचा. सुरुवातीला ‘ऐच्छिक’ म्हणायचं, मग एकेक दार असं बंद करत जायचं की ज्याची इच्छा नाही त्याला बाहेर उभं राहावं लागेल. ‘ऐच्छिक’ या शब्दाची ही फसवणूक उषा रामनाथन वर्षानुवर्षं मांडत राहिल्या, लेखांतून, भाषणांतून, सभांमधून.

त्यांनी वारंवार पुढे ठेवलेला एक कागद तर माझ्यासारख्या इंजिनिअरने फ्रेम करून लावावा असा आहे. २०१० मध्ये प्राधिकरणाने बायोमेट्रिकचा सल्लागार नेमण्यासाठी एक सूचना काढली. तिच्यात प्राधिकरण स्वतःच सांगतं की भारतातल्या लोकांवर आणि इथल्या परिस्थितीत हे तंत्र किती अचूक चालेल, याचा भक्कम अभ्यास उपलब्ध नाही. अभ्यास नाही हे माहीत होतं आणि गाडी निघाली. आमच्या धंद्यात याला ‘प्रॉडक्शनमध्ये टेस्टिंग’ म्हणतात. ॲपमध्ये असं केलं तर बटण चुकीच्या जागी दिसतं. कंट्रोलवर केलं तर आजी रिकाम्या पिशवीने परत येते.

या कामात ‘स्वतंत्र’ या शब्दाला वजन आहे. त्यांच्यामागे कंपनीचा पगार नव्हता, विद्यापीठाची खुर्ची नव्हती. ज्यांच्याकडे खुर्ची होती त्यांतले बरेच जण सल्लागार मंडळांवर होते. आम्ही इंजिनिअर मंडळींनी तर अशा माणसांना ‘टेक्नॉलॉजीविरोधी’ असा एक शिक्का मारून विषय संपवला. मीही कॉलेजात असताना एका वादविवाद स्पर्धेत आधारच्या बाजूने बोललो होतो आणि बक्षीसही आणलं होतं. विरोधकांचा एकही कागद वाचला नव्हता. टाळ्या मात्र भरपूर मिळाल्या.

नकाराची पावती

आता मुद्द्याच्या गाभ्याकडे येतो.

२०१५ मध्ये महाराष्ट्राने एक चांगला कायदा केला, लोकसेवा हक्क अधिनियम. अधिसूचित सेवांसाठी तुम्ही अर्ज केला की त्याची पोच मिळाली पाहिजे. ठरलेल्या मुदतीत काम झालं पाहिजे. नाकारलं तर कारण लेखी दिलं पाहिजे. त्यावर पहिलं अपील, दुसरं अपील, वर आयोग. विनाकारण अडवणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड. कागदावर सुंदर कायदा आहे, आणि तो ज्यांनी वापरला त्यांना उपयोगी पडला आहे.

पण हा कायदा कुठून सुरू होतो? ‘अर्ज’ या शब्दापासून. आणि पोर्टलने काय केलं? अर्ज होऊच दिला नाही. लाल चौकटीत लिहून आलं की आधारवरील नाव जुळत नाही. ओटीपी आला नाही, कारण सिम बंद पडलंय. ड्रॉपडाऊनमध्ये तुमच्या परिस्थितीचं नावच नाही. ‘सबमिट’चं बटण करडं आहे, दाबलं जात नाही. मग अर्ज क्रमांक नाही. क्रमांक नाही म्हणून पोच नाही. पोच नाही म्हणून मुदत सुरू होत नाही, नकार होत नाही, अपील होत नाही. सरकारच्या डॅशबोर्डवर सगळं हिरवं. प्रलंबित अर्ज शून्य.

कार्यालयातला उर्मट बाबू निदान ‘नाही’ म्हणायचा. त्याचं ‘नाही’ घेऊन तुम्ही तहसीलदाराकडे जायचा, आमदाराकडे जायचा, उपोषणाला बसायचा. तो बाबू मला आवडायचा असं नाही. पण त्याला चेहरा होता. करड्या बटणासमोर उपोषणाला कसं बसणार?

उदाहरणं हवीत तर घ्या. लाडकी बहीण योजनेत सप्टेंबर २०२५ पासून ई-केवायसी सक्तीची झाली. स्वतःच्या आधारसोबत नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारची पडताळणी मागितली गेली. आता जिचा नवरा वारला आणि बापही नाही, तिने कुणाचा नंबर टाकायचा? जी नवऱ्याला सोडून माहेरी आलीय आणि बाप हयात नाही, तिने ओटीपी मागायला कुणाच्या दारात जायचं? बोंबाबोंब झाली, मुदत वाढली, वाट काढली गेली. पण प्रश्न असा आहे की हा फॉर्म बनवताना त्या टेबलावर एकही विधवा बाई नव्हती का? ग्रामसभेत हा नियम वाचून दाखवला असता तर पहिल्याच मिनिटाला मागच्या ओळीतून आवाज आला असता.

शेतकरी ओळख क्रमांकाचं तेच. एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांसाठी तो बंधनकारक आहे, आणि तो जोडलाय सातबाऱ्याशी. आमच्याकडे मक्त्याने आणि बटईने करणारे किती आहेत हे मोजायला सर्व्हे लागत नाही, चौकात उभं राहिलं तरी कळतं. पेरतो तो, फवारतो तो, सोयाबीन भिजलं तर रडतो तो. सातबारा दुसऱ्याचा. घरातली बाई दिवसभर शेतात, सातबारा सासऱ्याचा. कम्प्युटरच्या लेखी हे शेतकरी नाहीत. पूर्वीही कागदावर नव्हतेच, हे मान्य. पण पूर्वी तलाठी-कृषी सहायकासमोर उभं राहून ‘ही शेती मी करतो, गावाला विचारा’ असं म्हणता यायचं. गावाला विचारण्याची ही जागा फॉर्ममध्ये कुठे आहे?

हे आपल्याला नवीन नाही

मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकरी सावकारांवर चालून गेले. त्या दंग्यांमध्ये त्यांनी मुख्यतः कागद जाळले. कर्जरोखे, खतं. का? कारण त्या कागदावर काय लिहिलंय ते त्यांना वाचता येत नव्हतं, आणि कोर्ट मात्र त्या कागदाचंच ऐकत होतं. पुढे १८८३ मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ पूर्ण केला. शेतकऱ्याला लिहिता-वाचता येत नाही आणि कारभार सगळा लेखणीवाल्यांच्या हाती, यातून त्याची लूट कशी होते, हे त्यांनी खात्याखात्यानिशी मांडलं. त्यावरचा त्यांचा उपाय शिक्षण हा होता. कागद वाचता यायला हवा.

आज आमच्या गावात बहुतेक पोरांना कागद वाचता येतो. मोबाइल सगळ्यांकडे आहे. पण कारभाराची भाषा पुन्हा एकदा आपल्याला न वाचता येणारी झाली आहे. मराठी-इंग्रजीचा प्रश्न वेगळाच. नियम आता शासन निर्णयात अर्धा आणि कोडमध्ये अर्धा असतो. शासन निर्णय पीडीएफमध्ये मिळतो. कोडमधला अर्धा नियम, तो ८५ चा आकडा, ते ड्रॉपडाऊन, कुठेच छापलेलं नसतं. दीडशे वर्षांपूर्वी लेखणीवाले आपल्यावर राज्य करत होते. आता कीबोर्डवाले करतात. फरक एवढाच की त्यांत आता आपलीही पोरं आहेत, माझ्यासारखी, आणि तरीही आम्ही तेच करतो आहोत.

‘पण भ्रष्टाचार तर कमी झाला ना?’

हा प्रश्न मला प्रत्येक वेळी विचारला जातो, बहुतेक वेळा माझ्याच टीममधून. प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून उत्तरही प्रामाणिकपणे देतो.

हो, काही गोष्टी सुधारल्या. माझी स्वतःची शिष्यवृत्ती थेट खात्यात आली होती. माझ्या आधीच्या मुलांना ती मिळवायला कुणाकुणाच्या पाया पडावं लागायचं, ते मी ऐकलंय. सातबारा घरबसल्या मिळतो, तहसीलची एक चक्कर वाचते. मी पुन्हा टाइपरायटर आणा म्हणत नाही.

पण रेशनचं उदाहरण नीट बघा. रेशनमधली चोरी मुख्यतः दोन प्रकारची. खोट्या नावाने धान्य उचलणं, आणि खऱ्या माणसाला कमी धान्य देणं. अंगठा फार तर पहिली चोरी पकडेल. माणशी पाच किलोऐवजी साडेचार मोजून दिलं तर अंगठा काय करणार? उलट मशीनमध्ये पाचची नोंद होते, म्हणजे चोरीवर सरकारी शिक्का. अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ आणि रीतिका खेरा हा फरक किती वर्षांपासून समजावून सांगताहेत.

रोजगार हमीचंही पाहा. हजेरीसाठी ॲपवर मजुरांचे फोटो टाकणं जानेवारी २०२३ पासून सक्तीचं झालं. मजुरांची हजेरी रेंजवर अवलंबून राहिली. आणि जुलै २०२५ मध्ये खुद्द केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयाला राज्यांना कळवावं लागलं की भलतेच फोटो, फोटोचेच फोटो अपलोड होताहेत. चोराला ॲप जमलं. मजुराला रेंज मिळाली नाही.

दुसरा युक्तिवाद असतो, थोड्या टक्क्यांचाच तर प्रश्न आहे. मार्च २०१८ मध्ये प्राधिकरणाचे तेव्हाचे मुख्य कार्यकारी अधिकारी अजय भूषण पांडे यांनी सर्वोच्च न्यायालयात सादरीकरण केलं. ते महाराष्ट्र केडरचेच अधिकारी. सरकारी सेवांमध्ये पडताळणी यशस्वी होण्याचं प्रमाण तेव्हा ८८ टक्के सांगितलं गेलं. उरलेले १२ टक्के सगळेच उपाशी राहिले असं कुणी म्हणत नाही. काहींचं दुसऱ्यांदा जुळलं असेल, काहींना ओटीपीने मिळालं असेल. पण मला एक सांगा, दर शंभर प्रयत्नांत बारा वेळा पेमेंट फेल होणारं ॲप तुम्ही फोनवर ठेवाल? वन-स्टार देऊन काढून टाकाल. आजीला अनइन्स्टॉलचं बटण नाही.

आणि टक्केवारीच्या आत कोण असतं तेही बघा. मशीनची चूक सगळ्यांत सारखी वाटली जात नाही. माझा थम पहिल्या झटक्यात लागतो, कारण माझी बोटं कीबोर्डवर चालतात. कापूस वेचणाऱ्या, विटा उचलणाऱ्या, भांडी घासणाऱ्या, म्हाताऱ्या बोटांचाच थम लागत नाही. म्हणजे ज्याला धान्याची गरज सगळ्यांत जास्त, त्यालाच मशीन ओळखत नाही. केंद्रीय अन्न खात्याने २४ ऑक्टोबर २०१७ ला राज्यांना कळवलंय की आधारच्या कारणावरून कुणाला धान्य नाकारू नये. हा आदेश तुमच्या गावच्या दुकानाच्या भिंतीवर पाहिलाय का कधी? मी नाही पाहिला.

२६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक असा निकाल दिला. खासगी कंपन्यांना आधार मागण्यापासून रोखलं, पण अनुदानाच्या योजनांसाठी सक्ती कायम ठेवली. एकट्या न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी विरोधी निकाल लिहिला आणि हा कायदा धन विधेयक म्हणून आणणं हीच राज्यघटनेशी फसवणूक ठरवली. म्हणजे सिम घेताना मला संरक्षण मिळालं. पाच किलो गहू-तांदूळ घेताना आजीला नाही.

काच एकाच बाजूने

लोकशाहीचा साधा नियम असा की सरकार लोकांना दिसलं पाहिजे. महाराष्ट्राने २००२ मध्ये माहिती अधिकाराचा कायदा केला, २००५ मध्ये देशाचा आला. त्याच्या कलम ४ मध्येच लिहिलंय की अनुदानाच्या योजनांचे लाभार्थी कोण, हे सरकारने आपणहून जाहीर करावं. चावडीच्या भिंतीवर यादी लागली की सगळा गाव ती वाचतो. मेलेल्या माणसाच्या नावाने पैसे निघालेत, हे तिथेच उघडं पडतं.

आता काय झालंय? २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातलं कलम ८(१)(जे) बदललं, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये तो बदल लागू झाला. आधी वैयक्तिक माहिती नाकारतानाही ती माहिती सार्वजनिक कामाशी संबंधित आहे का, हे त्याच कलमाखाली बघावं लागायचं. आता ‘ही वैयक्तिक माहिती आहे’ एवढं म्हटलं की पुरे. व्यापक जनहितासाठी माहिती देण्याची वाट कायद्यात दुसरीकडे आहे, पण ती उघडायची की नाही हे कार्यालयाच्या मर्जीवर. आपली बोटं, डोळे, सातबारा, बँक खातं, नवऱ्याचा नंबर, पिकाचा फोटो सगळं त्यांच्याकडे. आणि आपण यादी मागितली की लोकांची प्रायव्हसी आठवते. काच अशी बसवली आहे की तिकडून इकडचं सगळं दिसतं, इकडून तिकडे फक्त आपलाच चेहरा.

वर सगळं नेटवर नेलं तरी नेटची चावी त्यांच्याच हातात. मे २०२३ मध्ये शेजारच्या अकोल्यात सोशल मीडियावरच्या एका पोस्टवरून दंगल पेटली आणि इंटरनेट बंद झालं. दंगल थांबवायलाच हवी. पण जिथे पैसे, धान्य, अर्ज, हजेरी सगळं नेटवर आहे, तिथे नेट बंद करणं म्हणजे सगळी कार्यालयं एकदम बंद करणं. १० जानेवारी २०२० ला अनुराधा भसीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की इंटरनेट बंदीचे आदेश प्रसिद्ध झाले पाहिजेत आणि बंदी बेमुदत असू शकत नाही. किती गावांत असा आदेश कुणी वाचलाय?

मग करायचं काय

सुप्याच्या लोकांनी कागद जाळले. आपल्याला काही जाळायचं नाही. आपल्याला कागद परत हवाय.

मागणी एकच आहे आणि ती साधी आहे. प्रत्येक नकाराची पावती. थम लागला नाही, नाव जुळलं नाही, ओटीपी आला नाही, कारण काहीही असो, प्रयत्न केला याची नोंद, मराठीत कारण, जबाबदार अधिकाऱ्याचं पदनाम आणि तारीख छापून त्या माणसाच्या हातात आली पाहिजे. तोच अर्ज समजला जावा, आणि लोकसेवा हक्काची मुदत त्याच दिवसापासून सुरू व्हावी. तांत्रिकदृष्ट्या हे किती कठीण आहे? मी सांगतो, कारण हाच माझा धंदा आहे. अजिबात कठीण नाही. जी मशीन धान्य दिल्याची पावती छापते, तीच न दिल्याचीही छापेल. एका शुक्रवारच्या दुपारचं काम आहे. ते होत नाही, कारण कुणी मागितलं नाही, आणि ज्यांना ते द्यायचंय त्यांना ते नकोय.

माझ्या धंद्यातल्या मित्रांना सांगणं आहे की पुढच्या वेळी कुठल्याही सरकारी फॉर्मचं काम हाती आलं आणि ‘मॅन्डेटरी’ची टिक मारायला हात गेला, तर एक क्षण थांबा. ज्याच्याकडे हे नाही तो कुठे जाईल, असा प्रश्न मीटिंगमध्ये मोठ्याने विचारा. उत्तर नाही आलं तर मेलवर लिहा. माझ्यासारखं ८५ टाकून चहाला जाऊ नका.

आणि गावातल्या, तालुक्यातल्या वाचणाऱ्या पोरापोरींनो, तुमच्यासाठी काम आणखी सोपं आहे. उषा रामनाथन यांनी जे देशाच्या पातळीवर केलं ते गावाच्या पातळीवर करा. वाचा आणि नोंद ठेवा. दोनशे पानी वही घ्या. कंट्रोलवर, सेतूवर, बँकेत कोण कुठल्या तारखेला परत गेलं, काय सांगितलं गेलं, लिहून ठेवा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, यातली जी ग्रामसभा पुढे येईल तिथे ती वही वाचून दाखवा आणि इतिवृत्तात घ्यायला लावा. पोर्टलवर अर्ज होत नाही, मग साध्या कागदावर अर्ज लिहून आवक-जावकला द्या आणि पोच घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा. नकार मिळेल. मिळू द्या. तोच तर हवाय.

मी परत पुण्याला निघालो त्या सकाळी आजीसोबत पुन्हा कंट्रोलवर गेलो. या वेळी मधल्या बोटाचा थम लागला. कसा लागला, कुणालाच माहीत नाही. धान्य मिळालं, पावती निघाली. आजीने ती घडी करून कनवटीला लावली आणि म्हणाली, पुढच्या महिन्यात हेच बोट लावीन.

पुढच्या महिन्यात ते बोटही लागलं नाही. घरून फोन आला तेव्हा मी ऑफिसात होतो. मी म्हटलं, वहीत लिहून ठेवा. आमच्या वहीतली ती पहिली नोंद आहे.